पहिल्या कप्प्यातलं पाणी

१४ नोव्हेंबर २०२४

आज दिवसभर एकाच दीर्घिकेवर बसले होते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं अख्खं गाव. हिला दोन वळलेल्या भुजा आहेत आणि भुजांवर गुलाबी ठिपके. जिथे मोठे तारे नुकतेच जन्मलेले असतात तिथे त्यांच्या तेजाने भोवतालचा हायड्रोजन गुलाबी उजळतो. माझं काम इतकंच, की प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढायचा. परदेशातल्या एका विद्यापीठाचं संशोधन आहे, घरी बसून कुणीही हातभार लावू शकतं. आमच्या गोलांवरून ते बघतात की दीर्घिकेच्या सपाट तबकडीच्या मधल्या भागात तारे किती जन्मतात आणि काठाकडे जाता जाता किती कमी होतात.

"आई, टाइमपास भारी शोधलास," केतन म्हणतो. लॅपटॉप त्याचाच जुना आहे. मी सातवी शिकलेली. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी वाचते. हे गेल्यावर ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचली. त्यात एक खगोलाचं निघालं, तिथून हे वेड लागलं.

हे म्हणजे धर्मराज. संसार होता तोवर कधी नाव घेतलं नाही. आता वहीत लिहिते.

२ डिसेंबर

केतन आणि जागृती वाशीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. याआधी दोनदा उपचार झाले, दोन्ही वेळा काही राहिलं नाही. ही तिसरी खेप.

धर्मराज शेवटी शेवटी एकच बोलायचे. "माझं काहीतरी मागं राहू दे गं." केतन आहे, पण तो माझ्या भावावर गेलाय, नखशिखांत. धर्मराजचं त्यात काही नाही. आजोबा नातवंडात उतरतो म्हणतात. मला तेवढंच बघायचं आहे. मुलगा असो, मुलगी असो, कुठेतरी, हनुवटीत, चालण्यात, हे दिसले पाहिजेत. दुसरं काही मागत नाही.

जेवताना विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"बघू या म्हणाले," जागृती म्हणाली.

"तुझ्यात नक्की काय दोष आहे ते सांगितलं का?"

तिने केतनकडे बघितलं. केतन भात कालवत होता. भात कधीचाच कालवून झाला होता.

"आई, जेव ना," तो म्हणाला.

सुनेला सरळ विचारलं की लागतं. मला गोड बोलता येत नाही, कधी आलं नाही. धर्मराज म्हणायचे, जिभेला हाड नसतं म्हणतात, तुझ्या जिभेला आहे.

९ डिसेंबर

डॉक्टरांना केतनचे फोटो हवे आहेत. शिवाय उंची, रंग, रक्तगट, डोळे कसे, केस कसे. मी म्हटलं, "मूल बापासारखं व्हायला फोटो कशाला दाखवावा लागतो?"

"प्रोसिजर असते, आई. जुळवून बघावं लागतं."

"मग यांचाही ने एक. आजोबांचा."

त्याने फोटोंचं पाकीट मिटलं. मी तरी धर्मराजचा एक फोटो पाकिटात घातला. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातला आहे, डोक्यावर हेल्मेट, चेहरा स्पष्ट. संध्याकाळी तो फोटो टेबलावरच राहिलेला दिसला. विसरला असेल.

अल्बममध्ये केतनचा नववीतला एक फोटो सापडला. गालफडं सुजलेली, फडकं बांधलेलं. गालगुंड झाले होते. नंतर खालीही सूज उतरली. पोर लाजेनं कुणाला सांगेना, नुसतं कळवळायचं. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. धर्मराज म्हणाले, "पोरांना होतंच, मी शेकतो." रात्ररात्र बसून शेक दिला. बरा झाला. त्यांचा हात तसाच होता. लागला की बरं वाटायचं.

२० डिसेंबर

आता नजर बसली आहे. मध्यापासून काठापर्यंत एकामागून एक कडं आखायचं आणि कड्याकड्याने बघायचं. आतल्या कड्यांत वायू दाट, तारे भराभर जन्मतात. बाहेर जावं तसे ठिपके विरळ, लहान, फिके. आणि तबकडीच्या काठापलीकडे? मला वाटायचं तिथे वायूच संपत असेल. तसं नाही. रेडिओ दुर्बिणीतून बघितलं तर वायू ताऱ्यांच्याही कितीतरी पुढे पसरलेला असतो. भरपूर असतो. फक्त पातळ. दाट होत नाही म्हणून तारे होत नाहीत. विश्वाचं सगळं वय दिलं तरी तो वायू वापरून संपणार नाही.

हे वाचलं आणि मिठागर आठवलं. लहानपणी घणसोलीच्या खाडीवर बापाबरोबर जायचे. भरतीचं पाणी पहिल्या कप्प्यात घेतात. तो सगळ्यात मोठा, काठोकाठ भरलेला. बघणाऱ्याला वाटतं, इथेच मीठ असणार. पण तिथे मीठ कधी पिकत नाही. ते पाणी पुढच्या कप्प्यात, मग त्याच्या पुढच्या, असं दाट होत जातं आणि शेवटच्या लहान कप्प्यात एका सकाळी पांढरं पडतं.

संशोधनाच्या चर्चापानावर हे मराठीत लिहिलं. पुण्याची नमिता नावाची मुलगी तिथे काम बघते. तिचं उत्तर आलं. "सगुणाताई, इतकं चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं." दोनदा वाचलं.

३ जानेवारी २०२५

विरंगुळा केंद्राचे अध्यक्ष रावसाहेब सकाळी दारात. साताऱ्याकडचे आहेत, निवृत्त इंजिनियर, घणसोलीच्या नव्या वस्तीत, सेक्टरमध्ये राहतात.

"सगुणाताई, गुरुवारच्या व्याख्यानाला वक्ता मिळेना. गुडघेदुखी झाली, मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं. तुम्ही तारे घ्या."

"मला बोलता येत नाही."

"छे! अख्खं केंद्र घाबरतं तुमच्या बोलण्याला."

जागृती आतून म्हणाली, "आई, बोला तुम्ही. चित्रं मी दाखवते. हाफ डे टाकते." आपणहून म्हणाली. हल्ली ती दुपारी झोपते, खाणंही कमी झालंय. औषधांनी असेल. तिसऱ्या खेपेचं कुणी बोलत नाही, म्हणजे तेही गेलंच.

१६ जानेवारी

व्याख्यान झालं. खुर्च्या कमी पडल्या.

रावसाहेबांनी ओळख करून दिली. "तारे कुठे जन्मतात हे सगुणाताई सांगतील. आपले मावळायला आलेत, तरी ऐकून घेऊ." लोक हसले, माझीही भीती गेली.

जागृती लॅपटॉपपाशी बसली होती. एकेक चित्र दाखवत मी मधून काठाकडे गेले. वायूच्या ढगातला अगदी थोडा भाग तारे होतो हे सांगितलं. मोठे तारे जन्मताच आपल्या भोवतालचा वायू उधळून लावतात, पाळण्याला लाथ मारतात म्हणा. भुजांवर गुलाबी ठिपके मण्यांसारखे का ओवलेले दिसतात तेही सांगितलं. लोक चांगले ऐकत होते. मग एका गृहस्थाने विचारलं, "काठावर गॅस आहे म्हणता, मग तारे का नाहीत?"

मी मिठागर सांगितलं. आमच्या तळवली, घणसोलीच्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या, त्यांचे हात त्या पाण्यात गेलेले आहेत. पण सेक्टरमधल्यांच्या चेहऱ्यांवर काही उमटेना. त्यांनी मीठ पुडीतलंच बघितलेलं. म्हणून समोरचं उदाहरण घेतलं.

"आता ही माझी सून," मी म्हटलं. "रंगरूप छान. शिकलेली, नोकरीवाली, अंगापिंडानं भरलेली. कुणीही म्हणेल काय कमी आहे? पण पहिल्या कप्प्यातलं पाणी. तीनदा डॉक्टर झाले. भरलेलं दिसतं, पिकत काही नाही."

समोरचे एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि टाळ्या. रावसाहेब म्हणाले, "वा! विज्ञान सांगावं तर असं!"

"पुढचं चित्र, जागृती," मी म्हटलं. तिने बटण दाबलं ते दोन चित्रं पुढे गेलं, परत मागे, परत पुढे. वेळ जात होता. मी म्हटलं, "बघा, हिच्या हाती चित्रसुद्धा टिकत नाही." त्यावर तर सगळी खोली हसली.

मला शाल आणि गुलाबाचं फूल मिळालं. धर्मराज असते तर मागच्या रांगेत बसले असते, कुणी बघत नाही असं बघून डोळे पुसले असते.

रात्रीचं जेवण जागृतीनं केलं नाही. खोलीतून आवाज येत होते.

"केतन, तू सांगतोस की मी सांगू?"

"नको. प्लीज. आई सहन नाही करणार."

"आणि मी करू? तू तिथे असतास तर हसला असतास का रे?"

वेगळं राहायचं चाललंय दोघांचं. माझ्या लक्षात आलंय. घणसोली स्टेशनजवळच्या फ्लॅटची जाहिरात जागृतीच्या फोनवर मी बघितली आहे. केतनला ते मला सांगायचं धाडस होत नाही. होणारही नाही.

१७ जानेवारी

जागृती सकाळी उरणला माहेरी गेली. बॅग मोठी होती. मी म्हटलं, "राग आला असेल तर बोल. मी खोटं काय बोलले ते सांग."

तिने चपला घातल्या. मग म्हणाली, "आई, तुम्ही एक शब्द खोटा बोलला नाहीत. तुम्हाला जेवढं दिसलं तेवढं बोललात."

कबूल केलं म्हणायचं. मग राग कसला?

२९ जानेवारी

केंद्रात गेले. दारातच गंगारामची म्हातारी, "काय गो सगुणा, तुजी सून आता कंच्या कप्प्यात हाय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर चहा कडू लागला. माझं उदाहरण आता गावात फिरतंय.

८ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

एक. नमिताचा निरोप आला. "सगुणाताई, तुमचे काठाकडचे गोल अचूक असतात. मध्याजवळ मात्र तुम्ही फार कमी काढता. तिथे धूळ दाट असते. नवे तारे धुळीच्या आड जन्मतात, त्यांचा गुलाबी उजेड आपल्यापर्यंत येतच नाही. सोबत इन्फ्रारेड चित्र पाठवते, ते धुळीतून आरपार दिसतं."

चित्र उघडलं आणि हात थांबला. ज्या काळ्या पट्ट्यांवर मी एकही गोल काढला नव्हता त्या जागा ठिपक्यांनी पेटलेल्या होत्या. सगळ्यात जास्त तारे तिथेच जन्मत होते. मी इतके महिने त्यांना वांझ ठरवून पुढे जात होते. फार लाज वाटली. नमिताला लिहिलं, "दिसत नाही म्हणजे नाहीच असं मी धरून चालले. माफ करा. सगळ्या दीर्घिका पहिल्यापासून पुन्हा करते." तिचं उत्तर, "माफी कसली ताई, सगळे फसतात." पण मला ते पटलं नाही. चूक ती चूक. समजली की माणसाने त्याच दिवशी मागे फिरून दुरुस्त करावी.

दुसरी गोष्ट. केतनने सांगितलं, जागृतीला दिवस गेलेत. डिसेंबरची खेप राहिली. म्हणजे व्याख्यानाच्या दिवशी ती पोटुशी होती. त्यानंतर रक्त गेलं, आठ दिवस उरणच्या दवाखान्यात होती, आता ठीक आहे.

"मला का सांगितलं नाही?"

"ती नको म्हणाली."

राग गिळला. देवापुढे दिवा लावला, यांच्या फोटोपुढेही. चारचौघांत बोलले ते तिला टोचलं असेल, पण राहिलं ना शेवटी! कधीकधी माणसाला टोचावंच लागतं.

११ एप्रिल

पट्टीवाल्या दीर्घिका करते आहे. यांच्या मधोमध ताऱ्यांची एक लांब पट्टी असते, ती वायू आत ओढून नेते. त्यामुळे पट्टीच्या दोन्ही अंगांना जागा ओसाड आणि अगदी केंद्रात मात्र गर्दी. मध्य ते काठ उतरतं जाणारं सरळ गणित इथे चालत नाही. नमिता म्हणते, दर दीर्घिकेची आपली रीत.

केतन आता शनिवार-रविवार उरणला असतो. घरात मी एकटीच. धर्मराजचा पांढरा शर्ट धुतला, वाळवला, इस्त्री करून परत ठेवला. महिन्यातून एकदा करते.

१५ जून

उरणला ओटीभरण होतं. केतनबरोबर गेले. हिरवी साडी घेतली होती, धर्मराज असते तर त्यांनी निवडली असती तशी, मोराच्या काठाची.

जागृतीची आई गोजरा दारातच म्हणाली, "विहीनबाय, तुमी त्या खुर्चीवर बसा. हिरव्याला हात नका लावू. पोटात जीव हाय."

साडी तिने माझ्या हातातून घेतली, पिशवीसकट, आणि आत नेली. मी खुर्चीवर बसले. दारापाशी खुर्ची होती, चपलांच्या शेजारी. बायकांनी एकेक करून ओटी भरली. शेजारणींनी भरली, काल-परवा लग्न झालेल्या पोरींनी भरली. जागृती पाटावर बसली होती. पोट छान दिसत होतं. तिने दोनदा माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर आईने ऐकलं असतं. बोलली नाही.

केंद्रात माझा शाल देऊन सत्कार झाला आणि इथे मी अपशकुनी.

निघताना गोजराला म्हटलं, "तुम्ही बरं नाही केलंत."

ती हसली. "तुमी माज्या पोरीला भर सभेत पानी म्हनलात. मीठ नाय, पानी! त्या पानीवालीनंच तुमच्या घराची अब्रू झाकून धरलीय विहीनबाय. ती गप हाय म्हनून तुमचा पोर मान वर करून चालतोय."

अडाणी बाई. रागात तोंडाला येईल ते बोलते. वाटेत केतनला विचारलं, "कसली अब्रू?" तो म्हणाला, "आई, सिग्नल बघू दे." सिग्नल नव्हता.

२७ ऑगस्ट

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

अजून बोलावणं नाही. केतन म्हणतो, पाचवीला जाऊ. लॅपटॉप उघडला, बंद केला. एकही गोल नीट निघेना.

१ सप्टेंबर

काल पाचवी होती. जाऊन आले. सगळं नीट लिहून ठेवते.

मनात धरून गेले होते की पुन्हा खुर्चीवर बसवतील. तसं झालं नाही. जागृती खाटेवर होती, गोजरा बाळाला तेल लावत होती. जागृती म्हणाली, "आये, दे त्यांच्याकडे." गोजराने तिच्याकडे बघितलं, मग बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

मी पदराने हात पुसले आणि वरून खाली बघत आले. चेहरा अजून सुजलेला, त्यातून काही कळेना. केतनसारखी मुळीच नाही, हे मात्र लगेच दिसलं. मग पाय हातात घेतला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब! धर्मराजचं असंच होतं. चपलेतून पुढे यायचं, मी हसायचे.

मी मोठ्यानं म्हटलं, "हे बघा! हे बघा, यांचंच बोट! आजोबा उतरलेत!"

गोजराचा तेलाचा हात तसाच राहिला. सगळ्यांना भरून आलं असणार. केतन खिडकीपाशी उभा होता.

जागृती उठून बसली. ती माझ्याकडे नाही, केतनकडे बघत होती. "हो आई," ती म्हणाली. "अगदी बाबांचंच बोट. काय रे केतन? सांग ना आईंना, कुणाचं आहे?"

"जागृती, बस कर."

"का? त्या इतक्या खुश आहेत."

"गाडी नीट लावली नाहीये," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

जागृती हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी तिला हसताना बघितलं. "बघा आई, नीट बघा. अजून काय काय सापडतं."

"हनुवटी?" मी विचारलं.

"हनुवटी बाबांची."

"आणि कपाळ?"

"कपाळ तर हुबेहूब." ती मोठ्यानं बोलत होती, अंगणात ऐकू जाईल असं. "ऐकलंस का केतन? कपाळसुद्धा!" अंगणात तो गाडीला टेकून पाठमोरा उभा होता. गोजरा हळूच म्हणाली, "पुरे गो बाय." जागृती म्हणाली, "का पुरे? आई, तुम्ही रोज या. रोज एक शोधा. मी हो म्हणेन."

मला सुनेचा इतका जिव्हाळा कधी मिळाला नव्हता. तिथेच ठरवलं की झालं गेलं विसरायचं. वाईट एवढंच, की हे बघायला धर्मराज नाहीत. दोन वर्षं उशीर झाला.

परत येताना केतन नुसता समोर बघत गाडी चालवत होता. मी म्हटलं, "बाबांची आठवण आली ना?"

"हो," तो म्हणाला. पुढे जाऊन त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कंटेनरचे ट्रक शेजारून धडधडत जात होते. तो स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हटलं, "रड, मोकळा हो. परत आलेत ना ते तुझ्या घरात." तेव्हा तर त्याला फारच हुंदके फुटले. बाप गेला त्या दिवशी हा पोरगा असा रडला नव्हता. मला आत कुठेतरी निवल्यासारखं झालं.

आज त्याची तब्येत ठीक नाही, म्हणून मी एकटीच एसटीने उरणला जाणार आहे. जागृतीला फोन केला, ती म्हणाली, "याच तुम्ही." काल घाईत कान बघायचे राहिले. कान यांचेच असणार.